बारगिराचा चेहरा

थप्पड डाव्या कानावर बसली. सदुसष्ट वर्षांत मला कुणी मारलं नव्हतं. शाळेत पंतोजींनीही नाही, कारण मार खाण्याइतकं मी कधी काही केलंच नव्हतं. त्यामुळे पहिल्यांदा वाटलं की वरून काहीतरी पडलं, छपराचं कौल किंवा कबुतर. मग टोपी गटारात दिसली. लाल रुमी टोपी, काळा गोंडा चिखलात. पस्तीस वर्षं ती घालून, शेरवानीच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावून मी गुलबर्ग्याच्या अदालतीत गेलो होतो, उर्दू कागदांचा मराठीत आणि मराठी कागदांचा उर्दूत तर्जुमा करायला. पेन्शन झाल्यावरही बाहेर पडताना हात त्याच खुंटीकडे जाई. निजामाचं राज्य जाऊन दहा दिवस झाले होते. माझी विधवा बहीण कलाबाई सकाळी म्हणाली होती, "दादा, टोपी नगा घालू आज, दिवस वाईट हायत." मी बरं म्हणालो आणि घालून निघालो. हे धाडस नव्हतं. विसरलोच होतो. समोर दहा-बारा माणसं उभी होती, कुणाच्या हातात कुऱ्हाड, कुणाच्या हातात बैलगाडीचं शिवळ. कानात एक बारीक शिट्टी वाजत होती आणि त्या शिट्टीच्या आतून मला माझाच आवाज ऐकू आला, चिरका, लाज वाटावी असा: "मी रिसालदाराचा नातू! दुबलगुंडीकडच्या रिसालदाराचा नातू!" माझं नाव हणमंतराव. तेवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण नाव सुचलं नाही, आजोबा सुचले.

"थांब रं मल्लप्पा, थांब! आपल्याच माणसाला हाणायलास की!" गर्दीतून एक उंच माणूस पुढे आला. मी त्याला ओळखलं. लिंबाजी, आमच्याच गावचा धनगर. "ह्ये आमचे अण्णा हायत. रिसालदाराच्या घरचे."

ज्यानं मारलं होतं तो मल्लप्पा आपला तळहात बघत म्हणाला, "मंग असली टोपी कामून घालायलाव म्हाताऱ्या?"

"सरकारी माणूस हाय त्यो. टोपी सरकारची."

"सरकार गेलं की."

"गेलं, पन टोपीला सांगायचं राह्यलं," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो. हसताना कानात कळ गेली. लिंबाजीनं माझ्या शेरवानीवरची धूळ झटकली, आई लेकराची झटकते तशी जोरात, आणि त्याच्या दुसऱ्या हातातल्या भाल्याचा फाळ माझ्या खांद्याजवळ हलला. भाला नवा होता. लोहाराकडच्या तेलाचा वास त्याला अजून येत होता. श्रावणात खाकीतली माणसं रात्रीच्या वेळी त्याच्या शेतावर आली होती आणि त्याच्या धाकट्या भावाला खोपीत कोंडून खोप पेटवून गेली होती. लिंबाजी तेव्हा माझ्याकडे आला होता, कलाबाई देवळात गेलेली असताना, जळक्या उपरण्याचा तुकडा घेऊन. मी त्याला उर्दूत अर्ज लिहून दिला. भाषा चांगली साधली होती. दोनदा वाचून दाखवला, एक शब्द बदलला. अर्जाचं पुढे काही झालं नाही. लिंबाजीनं कधी विचारलंही नाही. आता तो म्हणाला, "अण्णा, दस्तगीर जिल्दसाजाचं दुकान ह्येच न्हवं? त्या खाकीवाल्यांची पावतीबुकं त्यानं बांधल्याली हायत. कुठं हाय त्यो?"

दार माझ्या पाठीशी होतं. मी त्याच दारातून नुकताच बाहेर पडलो होतो. दस्तगीरसाबनं कुणाचीही पुस्तकं बांधली असती. अदालतीची बांधली, देवळाची बांधली, कुणी सैतानाची वही आणून दिली असती तर तीही शिवून, खळ लावून, शिकंज्यात दाबून दिली असती. तीस वर्षं मी त्याच्याकडे जात होतो. तो फार बोलायचा आणि मी बोलत नसे, म्हणून आमचं जमलं. गल्लीत आरडाओरडा ऐकू आला तेव्हा तो माझ्या पुस्तकाच्या पाठीवर कापड ओढत होता. त्यानं ऐकलं, पुस्तक माझ्या हातात न देता शिकंज्याजवळ ठेवलं आणि म्हणाला, "मुन्शीजी, तुम बाहर जाव. तुमकू कोई कुछ नै बोलते." मग कोपऱ्यात कात्रणांचा जो छातीएवढा ढीग होता, कापलेल्या कागदांच्या कडा, लांब लांब पांढऱ्या पट्ट्या, त्यात तो शिरला. सत्तरीचा माणूस मांजरासारखा शिरला. पट्ट्या त्याच्यावर पुन्हा मिटल्या. बाहेर आल्यावर मला कुणी काही बोललं नाही. एकदम मारलंच.

"तो गेला," मी म्हणालो. "दर्ग्याकडे. परवाच." खोटं बोलायची मला सवय नाही. सत्यवादी आहे म्हणून नव्हे. मला कुणी काही विचारतच नाही. दर्ग्याकडे त्याचे मुलगे-सुना गेले होते, हे खरं होतं. तो मात्र गेला नव्हता आणि त्याला मी कारण होतो. मी कित्येक वर्षं माझ्या आजोबांचा, गुंडेरावांचा, शोध घेत होतो. त्यांची फौजेतली नोकरी, बंडाच्या सालातली स्वारी, त्यांना मिळालेली इनाम जमीन, सगळं जमवून, तपासून चारशे पानं लिहिली होती. ती दस्तगीरसाबकडे बांधायला दिली, तेव्हा त्यात लावलेल्या एका उर्दू पानाशी तो अडला. त्याला उर्दू वाचता यायची, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. "ये पन्ना रखूं की काटूं?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी गेलो आणि पुन्हा म्हणालो, उद्या. असे आठ दिवस. तो हसायचा. "तुम्हारे दादा आठ दिन से मेरे कने सोतें, मुन्शीजी. भाडा लगाऊं क्या?" मुलगे न्यायला आले तेव्हा त्यानं त्यांना सांगितलं, मुन्शीजींचं काम झालं की येतो. मी आज सकाळी तिथे गेलो तेही निर्णय घेऊन नाही. 'उद्या' असंच म्हणायला गेलो होतो.

ते पान मला फसली तेराशे एकतीसमध्ये, अदालतीत नोकरीला असताना, सापडलं. इनामाच्या एका जुन्या मिसलीत, खटल्याच्या कागदांत, रिसाल्याची चेहरेपट्टी होती, आणि ती तर्जुम्यासाठी माझ्याच मेजावर आली. रिसाल्यात प्रत्येक स्वाराच्या नावापुढे त्याचा चेहरा लिहीत, म्हणजे हजेरीच्या दिवशी भलताच माणूस उभा राहू नये. गुंडेराव, कदीम असामी, वर्ण काळासावळा, गालावर देवीचे वण, उजव्या कानाची पाळी फाटलेली. मी टाक खाली ठेवला. आजोबा वारले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. ते गोरे होते, आणि त्यांच्या मांडीवर बसून मी त्यांच्या कानाच्या पाळ्या ओढत असे. दोन्ही पाळ्या अखंड, मऊ, थंडगार. बोटांना ते अजून आठवतं. असामीचा अर्थ मला पुस्तकातून ठाऊक होता, पण तो आपल्याच घराला लावून पाहायचं सुचलं नव्हतं. रिसाल्यात स्वाराची जागा घोड्यासकट विकत घेता येई. ती जागा म्हणजे असामी. असामी ज्याची त्याचं नाव यादीत. घोड्यावर मात्र त्यानं दुसऱ्या कुणाला बसवलं तरी चाले. तो बारगीर. त्या यादीच्या कारकुनानं नाव मालकाचं लिहिलं होतं आणि चेहरा समोर उभा असलेल्या माणसाचा. रिसालदार हा हुद्दाही त्या कागदात कुठे नव्हता, नुसतं 'सवार' होतं. आमच्या घरानं तो सावकाश, दर दसऱ्याला थोडाथोडा वाढवला असावा.

फाटक्या पाळीचा माणूस गावात एकच होऊन गेला होता. पिराप्पा धनगर. त्याची विधवा म्हाळसाबाई तेव्हा ऐंशीची होती आणि तिची शुद्ध चांगली होती. मी तिच्याकडे वही घेऊन गेलो. तिनं सांगितलं. मी लिहून घेतलं, घरी येऊन ताप आल्यासारखा निजलो, आणि सव्वीस वर्षं कुणाला बोललो नाही. जमीन आमच्याकडे होती, पराक्रम आमच्याकडे होता. पण मी गप्प राहिलो तो जमिनीसाठीही नव्हे, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही. आपल्या मागे कुणीतरी घोड्यावर बसलेलं होतं, एवढ्या एका गोष्टीवर मी आयुष्यभर रस्त्याच्या कडेकडेनं चालू शकलो होतो.

"खळ अजून कोमट हाय," मल्लप्पा आतून म्हणाला. ते आत घुसलेच होते. माझ्या खोट्याची त्यांनी वाटही पाहिली नव्हती. लिंबाजीनं माझा दंड धरून मलाही आत आणलं, बाहेर एकट्याला दुसरं कुणी मारेल म्हणून. फळ्या कोसळल्या. कातडी टरटरा फाडली गेली. माळ्यावर एकजण चढला आणि वरून उंदरांची लेंडकं खाली ओतत शिव्या देत उतरला. मी शिकंज्याजवळ उभा राहून समोरच्या भिंतीवरच्या एका खिळ्याकडे बघत होतो. कोपऱ्याकडे बघायचं नाही. बघायचं नाही असं ठरवल्यावर कोपरा मोठा होत जातो, त्याला ऊब येते, तो डाव्या गालाला जाणवू लागतो. कानातली शिट्टी एवढी वाढली होती की ढिगातून आवाज आला असता तरी मला कळला नसता. आणि मग मल्लप्पा म्हणाला, "पळालंय बेणं. चला."

ते निघाले होते. हे मला पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं. ते निघाले होते. दोघं तर उंबऱ्याबाहेर पडून तंबाखू मळत होते. तेवढ्यात लिंबाजीनं शिकंज्याजवळचं पुस्तक उचललं. लाल कापडाची पाठ, अजून ओलसर. "ह्ये काय अण्णा?"

"आजोबांची हकिकत आहे. मी लिहिलेली."

"रिसालदाराची?" त्याचा चेहरा उजळला. "ऐका रं! रिसालदाराचं पुस्तक हाय. एकट्यानं सतरा मुंडकी उडीवल्याली त्येनं बंडात. अण्णा, आमी आता विणकरांच्या गल्लीत जायलाव. जरा वाचा की. त्येचं नाव घिऊन जाऊ."

विणकरांची गल्ली दोनशे पावलांवर होती. तिथे पुरुष फारसे उरले नव्हते. बाया, म्हातारी माणसं, पोरं. ती गल्ली मला डोळ्यांपुढे दिसली आणि त्याच क्षणी दिसली सतरा मुंडकी, जी माझ्या चुलत्यानं दसऱ्याच्या पंगतीत नऊची सतरा केली होती. मला वाटलं, खरं सांगितलं तर हे थांबेल. जे ऐकून मी निजलो ते ऐकून हेही बसतील, भाले खाली ठेवतील. खोटं कशाला बोलू, यात आणखीही काही होतं. बारा माणसं माझ्याकडे तोंड करून उभी होती. माझ्या पुस्तकाला आयुष्यात पहिल्यांदा ऐकणारे मिळाले होते. मी पान उघडलं. न कापलेलं पान.

"लिंबाजी, घोड्यावर माझा आजा नव्हता. तुझा पणजा होता. पिराप्पा."

मग मी वाचलं नाही, सांगितलं. माझा आवाज इतका सरळ कधीच निघाला नव्हता. नर्मदेपलीकडचं गाव. बंडवाले आदल्या दिवशी निघून गेलेले, राहिले होते ते नांगरकरी. गोऱ्या साहेबाचा हुकूम, पुरुष ठेवायचा नाही. गावाबाहेर आंब्याची झाडं होती, एकेका फांदीला चार-चार. दोर संपले तेव्हा बायकांच्या अंगावरची लुगडी फाडून पीळ घातले, आणि ते पीळ लगेच तुटत नसत, ताणत जात, पाय जमिनीला टेकत, मग स्वारांना खाली उतरून पाय ओढावे लागत. पिराप्पानं पाय ओढले. मग घरं तपासायला धाडलं. एका घरात कुणी नव्हतं. चूल विझलेली, कोपऱ्यात गव्हानं भरलेली कणगी. तो माघारी फिरला होता. दारापर्यंत आला होता. काय वाटलं कुणास ठाऊक, वळला आणि भाला कणगीत घातला. कुडाची कणगी, भाला दांड्यापर्यंत गेला. उपसला तसा भोकातून गहू भळभळ वाहू लागला, सोनेरी, मग ओला, मग काळपट. आणि एकदम थांबला. आतलं माणूस भोकावर येऊन पडलं होतं. बाहेर ओढलं तर म्हातारा होता, दात नसलेला, तोंडात गहू भरलेला. आवाज येऊ नये म्हणून त्यानं तोंडात गहू कोंबून घेतला होता. "म्हाळसाबाई म्हणाली," मी सांगितलं, "पिराप्पा घरी आला त्यानंतर तीस वर्षं कणगीच्या खोलीत गेला नाही. दाणे काढायला तीच जायची. मरताना तोंडातलं पाणी थुंकत होता. गहू, गहू म्हणत होता."

तंबाखू मळणारे दोघे आत आले होते. मला वाटलं, झालं. छातीत काहीतरी हलकं झालं, आनंदच म्हणायचा तो. मी लिंबाजीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आमाला ठावं हाय की अण्णा," तो हळू म्हणाला. "आमच्या घरात समद्यांना ठावं हाय. तुमच्या घरच्या तोंडून कवा निघतंय, त्येच बघायलो होतो. माझा बाप बघत बघत मेला." त्यानं डोळे पुसले. छाती भरून श्वास घेतला. "म्हंजी भाला आमचाच हुता."

"आन् नुसता हुता न्हवं," मल्लप्पा म्हणाला. "दारातनं माघारी वळला म्हनं." तो खोलीभर नजर फिरवत होता, घरात हरवलेली वस्तू शोधावी तशी. त्या खोलीत कणगीसारखं एकच काही होतं. त्याची नजर तिथे थांबली आणि मग लिंबाजीची थांबली. मला ते त्यांच्याआधी कळलं होतं, शेवटचं वाक्य बोलत असतानाच कळलं होतं, पण गोष्ट अर्धी सोडता आली नाही.

मी 'नको' म्हणालो की नाही ते मला आठवत नाही. म्हणालो, असं मी नंतर कलाबाईला सांगितलं. लिंबाजीनं भाला घातला तेव्हा कागदाचा आवाज झाला, कोरडा, पाचोळ्यासारखा. दुसऱ्यांदा घातला तेव्हा वेगळा आवाज आला. ढिगातून हात वर आला. खळीनं माखलेली बोटं. पट्ट्या घसरल्या आणि दस्तगीरसाबचं तोंड दिसलं, केसांत, दाढीत, पापण्यांवर बारीक पांढरे तुकडे. त्यानं देवाचं नाव घेतलं नाही. "मुन्शीजी," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात, पान ठेवू की कापू विचारताना असायचा तोच आवाज. मल्लप्पानं कुऱ्हाड घातली. तिसऱ्यांदा लिंबाजीनं. कागद रक्त फार लवकर पितो. मी तेच बघत होतो, कडेनं कडेनं वर चढणारा रंग. तिथले बरेच कागद अदालतीचे होते. काहींवर माझं अक्षर असणार.

विणकरांच्या गल्लीकडे मल्लप्पा आणि बाकीचे गेले. लिंबाजी गेला नाही. "अण्णांना घरी सोडून येतो," तो म्हणाला. पुस्तक त्यानं काखेत धरलं, माझा दंड दुसऱ्या हातात, आणि आम्ही दिवसाढवळ्या बाजारातून चाललो. मोठ्या रस्त्यावर फौजेच्या गाड्या उभ्या होत्या. कुणी आम्हाला अडवलं नाही. म्हातारा माणूस आणि त्याला सांभाळून नेणारा गडी, एवढंच दिसत असणार. मागून विणकरांच्या बाजूनं आवाज येऊ लागले होते. मला एकाच कानानं ऐकू येत होतं, तो कान मी लिंबाजीच्या बाजूला केला.

"त्या कागदात आमच्या पिराप्पाचं नाव हाय का?"

"नाव नाही. नुसता चेहरा."

"मंग तुमी लिवा. तुमी न्हाई तर कोन लिवनार?" जरा वेळानं तो म्हणाला, "त्ये थुंकायचं लिवू नगा. मरताना थुंकत हुता त्ये."

मी बरं म्हणालो.

कलाबाई दारातच उभी होती. माझा कान सुजलेला पाहून तिनं तोंडावर हात घेतला, मग लिंबाजीकडे पाहिलं. ती गाव सोडून आली तेव्हा तो जन्मलाही नव्हता. "तुमी कोन म्हनायचं?"

"पिराप्पाचा पणतू," लिंबाजी म्हणाला. आजवर त्याच्या घरातला कुणीही आमच्या दारात आला की स्वतःला 'रिसालदाराच्या घरची मानसं' म्हणवत असे. कलाबाईला फरक कळला नाही. "माझ्या भावाला जिता घिऊन आलास बाबा," ती म्हणाली, आणि तिनं त्याच्या हातावर पाणी घातलं. पहिला तांब्या लाल गेला. तिनं ते पाहिलं आणि दुसरा तांब्या आणायला वळली. मग तिनं, जिनं आयुष्यात कुणा धनगराला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, आत पाट मांडला. माझ्या पाटाशेजारी. भाकरी, पिठलं, कांदा. लिंबाजी मान खाली घालून जेवू लागला, भुकेलेला माणूस जेवतो तसा. मी ताटाकडे पाहत होतो. मला वाटलं होतं की घास उतरणार नाही. पण मला भूक लागली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि बरंच चाललो होतो.

"वाढू का दादा आनिक?" कलाबाईनं विचारलं.

मी ताट पुढे केलं.